कोरड्या हातांचा वाख

४ नोव्हेंबर, महाड

तिसरा नमुनाही वाया गेला. गोठ्यात अंथरायच्या मॅटसाठी रबरात बळकटीसाठी काजळीऐवजी काही अंशी घायपाताचा वाख, म्हणजे पानांतला तंतू, घालावा, ही कल्पना सु.ची. माहेरच्या, उमरठच्या बायकांना या कामाला तिनेच लावले. (पत्नीच्या नावाआधी कै. लिहिण्याचा धीर अद्याप होत नाही. म्हणून केवळ सु.)

ती असताना मॅट उत्तम होत असे. आता नमुन्याची पट्टी ताणली की फाटलेल्या कडेतून तंतू सुईसारखा स्वच्छ सुटून येतो. रबराचा कणही त्याला धरत नाही. मिश्रण तेच, तापमान तेच.

कारखान्याचे शेठ म्हणाले, "साहेब, वहिनींचा मान राखला. आता शेवटचा एक नमुना. नाही जमला तर पुन्हा काजळी."

म्हणजे तिचे जे काही अजून चालू आहे, तेही बंद.

७ नोव्हेंबर, उमरठ

पोलादपूरपर्यंत एस.टी., पुढे रिक्षा. मेहुणी वनिता शेजारणींसह अंगणात वाख विंचरत होती.

"भावजी, त्या बाजेवर नका बसू, इस्त्री मोडंल!" सगळ्या हसल्या. सु. गेल्यापासून माझ्यासमोर कोणी हसले नव्हते. बरे वाटले की वाईट, ठरवता आले नाही.

वनिताच्या बाजूला खोबरेलाची वाटी. तळवे चकचकीत. तेल कशाला, विचारले.

"तेल नाय लावलं तर पानाच्या रसानं हात फोडांनी भरतील. आमच्यात सगळ्याच लावतात. दोर वळताना पण."

"सुनंदासुद्धा?"

"ताई नाय. पानं आमी कापायचो, पण तुमच्या रबराचा वाख ती एकटीच विंचरायची. तिच्या तळव्यांची सालं निघायची. मी ओरडायची, कशाला गो मरतेस? तर म्हणायची, यांचं रबर तेलाला धरत नाय."

मी जेवताना कधीतरी सहज बोललो असेन. तिने मात्र मला एका शब्दाने...

९ नोव्हेंबर

तेलकट वाख सोड्याने धुऊन पाहिला. पट्टी तशीच सुटली. कोरड्या हाताचा नवा माल यायला वेळ लागेल आणि शेठ उद्याच येणार. तिने स्वतः विंचरलेली एकच जुडी घरात उरली आहे. कपाटात, तिच्या साड्यांवर. ती बारीक कापून रबर मळायच्या मिलमध्ये टाकावी लागेल. दुसरा मार्ग नाही. नाहीच.

१० नोव्हेंबर

कापली. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे. जुडीच्या मधोमध एक लांब केस निघाला. मिश्रणात परकी वस्तू जाता कामा नये, हा नियम कामगारांना मीच घालून दिला आहे. काढला. कुठे ठेवावा हे न सुचल्याने चष्म्याच्या डबीत ठेवला.

वाख मिलच्या रोलरांत शिरताना पाहवला नाही. बाहेर जाऊन उभा राहिलो.

पट्टी तुटली; तंतू सुटला नाही. रबराने घट्ट धरला होता. शेठनी दुसरी पट्टीही ताणवून पाहिली. "हाच माल द्या साहेब. दर महिन्याला हाच."

"होय," म्हणालो. तो माल तर संपला.

११ नोव्हेंबर

वनिताला फोन. तेल बंद करावे लागेल, असे सांगितले. हातमोजे सुचवले.

"मोज्यात वाख हाताला कळतच नाय. मागं तुमी दिलेले मोजे पोरांनी क्रिकेटला नेले." हसली. मग म्हणाली, "भावजी, राग नका मानू. बाया विचारतात, ताईनं हात सोलून घेतले ते तुमच्यापायी. आमी कोणापायी?"

मोज्यांचे दुसरे जोड पाठवतो, एवढेच म्हणालो.

"बघते. कळवते," म्हणाली.

१४ नोव्हेंबर

उमरठहून काही कळले नाही. कारखान्याच्या कुंपणाला घायपात आहे. काही पाने कापून आणली, ठेचली, कोरड्या हातांनी खरवडली. जेमतेम मूठभर वाख निघाला, तोही तुटका. तळवे लाल झाले आहेत, बोटांच्या बेचक्यांत आग. अक्षर वाकडे येत आहे.

बायकांना ‘करा’ म्हणायला तोंड नाही. ‘नको’ म्हणालो तर मिलवर पुन्हा काजळी, आणि मग सु.चे जे काही अजून चालू आहे, तेही...