राखीव गंजी

९ फेब्रुवारी
निर्णय झाला. अंगणातली गवताची गंजी नवरोजपर्यंत, म्हणजे २१ मार्चपर्यंत, उघडायची नाही. वापरलं जात नाही ते राखीव. फेब्रुवारीत वापरलं तर ते राखीव उरत नाही. म्हणून फेब्रुवारीत वापरता येत नाही. आमच्या नारिन खोऱ्यातले घोडे पूर्वापार खुरानं बर्फ उकरून खालचं गवत खातात. माझे दोघेही खातील : गाभण, तांबूस कुमैत घोडी आणि स्वारीचं तट्टू. मेमध्ये शिंगरू, मग उन्हाळाभर घोडीचं दूध. कलिपा (पत्नी) म्हणाली, "अहो, ऑगस्टात ओलं रचलंत. आत हात घालून बघा, वास येतोय." वास हा पुरावा नव्हे, हे तिला एकेचाळीस वर्षांत उमगलेलं नाही.

१७ फेब्रुवारी
दिवसभर बर्फ वितळला, पहाटे पुन्हा गोठला. कुरणावर काचेसारखा थर. घोडीच्या खुरांवर कापल्याच्या खुणा, थोडं रक्त. उकरण्याचा व्यायाम नियमित चालू असल्याचं दिसतं.

२६ फेब्रुवारी
शेजारचा दूतबेक कुंपणावर रेलून म्हणाला, "मास्तर, बरगड्या मोजायला मुलं पाठवू का? शाळेत मणी कमी पडतात." मग खालच्या आवाजात : तीन भारे गवत देतो, परत नकोत. मदत घेणं म्हणजे उणीव मान्य करणं, उणीव नाही, सबब नकार. कलिपा आत निघून गेली. चहा गार मिळाला.

४ मार्च
तट्टूची शेपूट निम्मी झाली आहे. घोडी खाते. शेपटीचा उपयोग माश्या हाकलण्यापुरता, आणि मार्चमध्ये माश्या नसतात. नुकसान शून्य.

८ मार्च
महिला दिन. काय हवं असं रीतसर विचारलं. "गंजी उघडा." मी हिरवा स्कार्फ दिला. तिनं तो कुंपणावर टाकला. "हिला द्या. रंग तरी गवताचा आहे." घोडीनं खरोखरच अर्धा खाल्ला. चव बदलायची असावी.

२१ मार्च, सकाळी १०
नवरोज. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी गंजी उघडली. निश्चयाची किंमत अशा वेळी कळते. वरचं वीतभर उत्तम. आत काळं, पांढरी बुरशी, वाफ. दूतबेक ओरडला, "मास्तर, हे विष आहे, ओढा तिला मागं!" घोडी मात्र आवडीनं खात होती. जनावराला आपलं हित कळतं. तट्टूला कलिपानं लगाम धरून दूर नेलं. त्याचा वाटा वाया गेला.

२२ मार्च, दुपारी
घोडी लोळते, उठते, वळून पोटाकडं पाहते. दूतबेक सुरी घेऊन आला. "अजून उभी राहतेय, तोवर कापू द्या. तिचे हाल थांबतील, मांस तरी हलाल होईल. आपोआप मेली तर कुत्र्यांचीच धन." मी विचारलं, ती मरणारच हे कशावरून? तो सुरी पुसत गेला. निर्णय उद्या सकाळी सातला.

२३ मार्च, सकाळी ६.१०
निर्णयाला पन्नास मिनिटं असताना घोडी मेली. मांस कुणाच्याही कामाचं नाही. दूतबेकनं पोट उघडून पाहिलं. शिंगरू आईच्याच रंगाचं होतं, असं कलिपा सांगते. मी पाहिलं नाही, त्यामुळे नोंद करत नाही.

३ एप्रिल
तट्टू दूतबेककडे आहे. कलिपानं नेलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मीच हे सुचवलं असतं.

१९ एप्रिल
गवत फुटलं. एप्रिलच्या मध्याला फुटेल, हे मी फेब्रुवारीतच म्हटलं होतं.

२ मे
मागचं कुरण घोटाभर. चरायला कुणी नाही, त्यामुळे वाढ एकसारखी आहे. बाजारात पायी गेलो. वाटेत एका स्वारानं वडीलधाऱ्याचा मान ठेवत उतरून विचारलं, "अक्साकाल, घोडा कुठं?" प्रकृतीसाठी चालतो, म्हणालो. येताना दूतबेकच्या फाटकाशी थांबून तट्टूला हाक मारली. त्यानं मान वर केली आणि ते तिथं असलेल्या कलिपाच्या मागं जाऊन उभं राहिलं. माश्या सुरू झाल्या आहेत. ती उरलेल्या अर्ध्या स्कार्फनं त्याच्या पाठीवरच्या हाकलत होती. मी पुन्हा हाक मारली, या वेळी तिला. दोघांपैकी कुणीही वळलं नाही.