चिंगी माकडिणीस कुटुंबात दाखल करून घेणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
वनछाया प्राणी निवारा केंद्र, भोपाळ

विषय: चिंगीला जंतांचे औषध मिळणेबाबत, ते जमत नसल्यास तिला अर्जदाराच्या कुटुंबात दाखल करणेबाबत.
संदर्भ: याच विषयाचा हिंदी अर्ज व त्यावरील कार्यालयाचा शेरा.

महोदय,

१. अर्जदार दिलीप शितोळे हा केंद्रात माकडांची देखभाल करतो. आपण महाराष्ट्रातले, म्हणून या वेळी अर्ज मराठीत. मागच्या हिंदी अर्जात 'बंदरों को जंत हैं' असा घरातला शब्द घाईत गेला. आवक विभागाने शुद्धलेखन सुधारून 'जंतु' केले. हिंदीत जंतु म्हणजे प्राणी. शेरा आला: 'बंदर जंतु हैं, यह कार्यालय को ज्ञात है। कार्यवाही आवश्यक नहीं।' धन्य आहे!

२. दरम्यान दोन माकडे दगावली. आतडी जंतांनी गच्च भरलेली होती. कागदावर कारण 'वार्धक्य' लिहिले गेले. त्यातले एक अजून आईचे दूध पीत होते. आता चिंगीची पाळी आहे. पोट टम्म, बरगड्या वर आलेल्या, आणि अंगावर पिल्लू.

३. पिंजरा धुता धुता तेच जंत अर्जदाराच्याही पोटात गेले, कारण हातमोजे मागणीपत्रातच राहिले. मात्र कर्मचारी वैद्यकीय योजनेतून त्याला त्याच दिवशी गोळ्या मिळाल्या. पत्नी कांचन हिलाही कुटुंब म्हणून मिळाल्या, तिला काही झालेले नसताना. जंत तेच, फक्त पोट वेगळे. सबब चिंगी व पिल्लू यांची नावे अर्जदारावर अवलंबून असलेल्या व्यक्तींत घ्यावीत.

४. केंद्रात पशुवैद्याचे पद रिकामे आहे. बाहेरच्या पशुवैद्यांनी चिंगीला पाहून हीच गोळी चालेल, किती द्यायची, हे तोंडी सांगितले. लेखी मागताच कानांवर हात ठेवले. परवानगीशिवाय औषध देणाऱ्यास कामावरून काढू, असे आपले परिपत्रक आहे. नोकरी गेली तर घर कसे चालेल, हे अर्जदाराला कळते. पण पिंजरा उघडला की चिंगी पिल्लाला पुढे करते. बघवत नाही हो, साहेब.

५. गोळी अर्जदाराच्या खिशात आहे. सोमवारपर्यंत उत्तर न आल्यास ती केळ्यात घालून चिंगीला दिली जाईल. चौकशी समिती नेमण्याचा त्रास नको, हा अर्जच कबुलीजबाब समजावा. शेरा मारताना अर्जदाराला खुशाल जंतु म्हणावे. चिंगीला जंत आहेत, एवढे मात्र नीट वाचावे.

आपला, अजून तरी नोकरीत असलेला,
दिलीप शितोळे
अयोध्या नगर, भोपाळ
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१. अर्जदाराचा तपासणी अहवाल.
२. चिंगीचा तपासणी अहवाल. (दोन्हींत जंताचे नाव एकच आहे. अदलाबदल झाली तरी चालेल.)
३. सौ. कांचन यांची लेखी संमती: 'काढून टाकलं तर येताना पिल्लासकट तिला घेऊनच या.'