वर्षभराचे उपदेश, नाताळच्या आत

३० नोव्हेंबर, रविवार
नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू. पाळकसाहेबांना आमचं काळेवाडीचं चर्च आणि चाकणचं, दोन्ही सांभाळायची. म्हणून यापुढे महिन्यातला एक उपदेश माझ्याकडे! कंपनीत ट्रेनिंग मीच देतो. बोलण्याची देणगी लपत नाही. संकल्प: अख्ख्या वर्षाचे उपदेश नाताळच्या आत लिहून काढणे.
आजचं शुभवर्तमान 'जागृत राहा'. थर्ड शिफ्ट करून थेट आलो होतो. डोळे मिटून मनन केलं. नीला म्हणते, घोरत होतात. बायकोला मनन कळत नाही.

१४ डिसेंबर, रविवार
पहिला उपदेश. पाऊण तास. पुढच्या बाकावर सावित्रीबाई चक्क रडत होत्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्याला पाणी येतं. मानी बाई. कबूल करणार नाहीत.

२६ डिसेंबर
लिहून झालेले पुढचे उपदेश: शून्य. नाताळात कोण लिहितं? नवी मुदत, लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
लेंट लागला. येशूचा अरण्यातला उपवास. मीही ईस्टरपर्यंत चहा आणि मटण सोडलं. लाइनवरच्या अजिमचे रोजे चालू आहेत. त्याला कॅन्टीनमध्ये बसवून आमचा उपवास किती कडक असतो ते समजावलं. तो म्हणाला, जयसिंगभाऊ, चहा थंड होतोय तुमचा.
कॅन्टीनचा चहा चहात धरत नाहीत.

७ मार्च, शनिवार
उद्याचा उपदेश: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जिला येशू 'जिवंत पाणी' देऊ करतो. नीला बहिणीकडे सांगवीला गेली. जाताना बजावून गेली, आज पाण्याचा दिवस, पिंप भरा. लिखाणाची अशी तंद्री लागली की नळ आला कधी, गेला कधी, पत्ताच नाही. खालच्या झुलेखाभाभींकडून दोन हंडे आणले. नीला आल्यावर म्हणाली, जिवंत पाण्याचं देव बघेल, तुम्ही पिंपाचं बघा.

८ मार्च, रविवार
उपदेशात 'एका विसराळू बंधूचं' उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही. तरी मंडळी नीलाकडे बघून पोट धरून हसली. संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन: नळाचा भाग छान झाला म्हणे, ईस्टरच्या पहाटे कबरस्तानातला उपदेश तुम्हीच करा, मात्र दहा मिनिटं. दहा म्हणजे निदान चाळीस धरतो.

३ एप्रिल, गुड फ्रायडे
वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते. माझा सहावा, 'पूर्ण झाले आहे'. जरा रंगलो. मागून कोणीतरी विचारलं, कधी होणार राव? किती उत्सुकता! सातव्या मंजुषाताईंना नुसती प्रार्थनाच करता आली. घसा थोडा बसलाय.

४ एप्रिल, शनिवार
आवाज साफ गेला. हळद-दूध, ज्येष्ठमध. उद्यापर्यंत येणारच. देव आपल्या वक्त्याला सोडत नाही.

५ एप्रिल, ईस्टर
सोडलं. तोंड उघडलं तर नुसती हवा. पाळकसाहेब चाकणला. मंडळी माझ्याकडे बघतेय, मी नीलाकडे. तिने माझ्या हातातून बायबल घेतलं, येशूच्या कबरेवर पहाटे गेलेल्या बायकांचा उतारा वाचला. मग म्हणाली, "आई गेली तेव्हा मीपण अशीच पहाटे इथे आले होते. फुलं घेऊन. बोलायला काही सुचत नव्हतं. त्या बायकांनाही सुचलं नसेल. पण त्या आल्या, म्हणून तो उठलाय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं." एवढंच बोलून बसली.
कबरस्तानात धूळ फार. मला डोळे पुसावे लागले.

६ एप्रिल, सोमवार
पाळकसाहेबांचा फोन. मी खाकरून तयार. म्हणाले, नीलाताईंना द्या. पुढच्या महिन्यापासून उपदेश तिच्याकडे.
तिला मार्गदर्शन लागणारच. कालचा माझा न झालेला उपदेश, बावीस पानं, तिच्यापुढे ठेवला. तिने आनंदाने घेतला. म्हणाली, बरं झालं, कागद पाठकोरे आहेत.
लिहितेय.