हार्टमुटच्या वीस काडतुसांबद्दल

मी, चारुदत्त श्रीधर वैशंपायन, वय ६७, राहणार नेकारसुल्म, जर्मनी, मोटार कारखान्यातून निवृत्त इंजिनियर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणीही भरीस न घालता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचं कारण नाही. त्या गोष्टीला मी घाबरलेलो नाही. इथल्या कायद्याला माझं हस्ताक्षर पुरतं. पुण्याच्या फ्लॅटसाठी दोन साक्षीदार लागतात. ते आज अकरा वाजता येतील.

१. नेकारसुल्मचं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी प्रभा हिला.

२. कोथरूडचा फ्लॅट मुलगी स्वरूपा हिला. ती इंगोलश्टाटला रमली आहे. तिला विकायचा असेल तर विकू द्यावा, प्रभाने मध्ये पडू नये.

३. माझी शिकारीची दुर्बीण कोणालाही द्यावी, फक्त शिकार मंडळाच्या अध्यक्षांना नको. बारा वर्षं त्यांनी मला ‘आमचा कॉम्प्युटर-इंडर’, म्हणजे कॉम्प्युटरवाला भारतीय, म्हटलं. मी जन्मभर इंजिनं तपासली. त्यांना एकदाच कोणीतरी भर बैठकीत गप्प केलं, तो हार्टमुट क्लेंक.

४. तळघरातला काडतुसं भरायचा हातप्रेस, तराजू आणि साचे भंगारात द्यावेत. आठवण म्हणूनही कोणी ठेवू नयेत. रायफल आणि बंदुकीच्या दारूचे डबे शस्त्रपरवाने देणाऱ्या ऑर्डनुंग्सआम्टकडे जमा करावेत. रायफल विकू नये, मोडून टाकायला सांगावं.

५. आता त्याचं कारण.

हार्टमुटने मला शिकार शिकवली. आमच्या दोघांच्या रायफली एकाच बोअरच्या, ९.३ मिलिमीटर. आमच्या रेविअरमध्ये, म्हणजे शिकारीच्या हद्दीत, शिशाच्या गोळ्या बंद झाल्या आणि तांब्याच्या आल्या. तांबं कडक, ते जनावरात उमलायचं तर वेग हवा, म्हणून गोळी हलकी घ्यायची आणि जोरात सोडायची. दुकानातली काडतुसं त्याच्या जुन्या रायफलीला मानवेनात. मी त्याच्यासाठी भरू लागलो. माझा परवाना फक्त स्वतःपुरता होता. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात मी चाळीस काडतुसं भरली, वीस त्याची, वीस माझी. टेबलावर दारूचा एकच डबा ठेवायचा हा पहिला नियम. त्या दिवशी दोन होते. दुसरा माझ्या लहान रायफलीचा, फार झपाट्याने पेटणाऱ्या दारूचा; ती मोठ्या काडतुसात गेली तर रायफल फोडते. मध्येच स्वरूपाचा फोन आला. बोलून परत बसलो आणि काम पुरं केलं. हार्टमुट संध्याकाळी येऊन आपली वीस घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे कपाटात ठेवताना तो दुसरा डबा हलका लागला. तोलून पाहिला. दोन काडतुसांइतकी दारू कमी होती. माझी वीसही उघडली. सगळी बरोबर निघाली, म्हणजे ती दोन हार्टमुटकडे होती.

मी हार्टमुटला फोन केला. म्हणालो, “काडतुसं परत आण, लांबी तपासायची राहिली.”

तो म्हणाला, “पास्ट शोन, चालतंय रे, चारू. मघाशी तीन झाडून पाहिली, उत्तम आहेत. पुढच्या आठवड्यात आणतो.”

खरं कारण सांगितलं असतं तर तो त्याच पावली आला असता. मला लाज वाटली. मी “गेनाऊ”, बरोबर, एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

शनिवारी रानडुकरावर नेम धरताना त्याची रायफल तोंडावर फुटली. तो नऊ दिवस जगला. चौकशीत, नळी जुनी होती, आत काहीतरी अडकलं असावं, असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही.

त्याची पत्नी रेनाटे हिच्याकडून मी उरलेली काडतुसं मागून घेतली. ती अकरा होती आणि उघडल्यावर सगळी निर्दोष निघाली. तीन झाडलेली, एक फुटलेलं. पाच सापडत नाहीत. त्यांतलं एक वाईट आहे. वर्षभर मी रेनाटेकडे कॉफी प्यायला जातो आणि तिची नजर चुकवून खण बघतो. ती पाच कोणालाही सापडली, तरी झाडू नयेत.

काल हे प्रभाला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, तेव्हाच का नाही सांगितलंत? आणि उद्या सहीला तिलाच बोलावलंत?”

होय. दुसरी साक्षीदार रेनाटेच आहे. तिला मराठी येत नाही. कलम पाच मी तिला जर्मनमधून वाचून दाखवणार आहे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी चार वाजता.

रेनाटे आणि खालच्या मजल्यावरचा उत्कर्ष अकराला आले. मी वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, “किती सापडत नाहीत?”

“पाच.”

“यानने आज हार्टमुटचं शिकारीचं जाकीट घातलंय,” ती म्हणाली.

यान तिचा मुलगा. त्याने उन्हाळ्यात शिकारीचा परवाना काढला आणि वडिलांच्याच बोअरची रायफल घेतली, हे मला माहीत नव्हतं. तिने चार वेळा फोन लावला. त्याने उचलला नाही. उत्कर्षने गाडी काढली. आम्ही जंगलात पोचलो तेव्हा यान मचाणावरून उतरत होता. सकाळपासून एकही जनावर समोर आलं नाही म्हणून वैतागला होता. दोन काडतुसं जाकिटाच्या आतल्या पट्ट्यात होती, तीन रायफलीत. तीन काढून त्याने एकेक माझ्या हातावर ठेवलं.

घरी रेनाटे आणि यानसमोर मी पाचही उघडली, दारू पांढऱ्या बश्यांत ओतली. चार बश्यांत बारीक काड्या पडल्या, एकीत काळ्या चकत्या, लहान रायफलीच्या दारूच्या.

यानने त्या काडतुसाची पुंगळी उचलून कडेवरचा ओरखडा पाहिला. “हे नळीत होतं, पहिलं हेच सुटलं असतं,” तो म्हणाला.

मी सोमवारी पोलिसांकडे जाऊन हे सगळं लिहून देणार आहे. मंगळवारी परत आलो नाही, तर हा कागद माझा जबाब समजावा.

रेनाटेने सही करण्याआधी एक वाक्य घालायला सांगितलं. ते तिच्याच शब्दांत, मराठीत: ‘माझी सही चारूने माझ्यासमोर सही केली एवढ्यापुरती आहे. ती माफी नाही, आणि ती कोणी माफी म्हणून वाचू नये.’

नेकारसुल्म, शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

(सही) चारुदत्त श्रीधर वैशंपायन
साक्षीदार १: (सही) उत्कर्ष मोघे
साक्षीदार २: (सही) रेनाटे क्लेंक