हेल्पलाइनवरचा आपला माणूस

बाबा, मला भीती वाटते आहे आणि ती कुणाला सांगावी ते कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. कागदावर लिहिते आहे, कारण कॉम्प्युटर मी गेल्या आठवड्यापासून उघडलेलाच नाही. तो टेबलावर आहे. त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आहे आणि वर उशीचा अभ्रा टाकला आहे. तुम्ही असतात तर हसला असतात. म्हणाला असतात, यंत्राला काय घाबरायचं. पण मी यंत्राला घाबरलेली नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका करायचे. आता घरूनच काम करते, इथे बंगळुरात, महादेवपुऱ्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, एकटी. दुकानांचे बोर्ड, पाकिटं, शाळांची ओळखपत्रं. ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं करते तेसुद्धा हल्ली भाड्यानंच घ्यावं लागतं, आणि ती कंपनी घरमालकाच्या वरताण, अधूनमधून न विचारता भिंती हलवते. गेल्या आठवड्यात असंच एक अपडेट आलं आणि होसकोटेच्या रस्त्यावरच्या एका शाळेच्या ओळखपत्रांची फाईल उघडेना. शाळा सुरू व्हायला आली होती. कंपनीच्या चॅटवर मदत मागितली. तिथे माणूस नसतो, बाबा, यंत्रच असतं. तुमची अडचण मी समजू शकते, असं ते इंग्रजीत म्हणतं आणि मग काहीही समजलेलं नाही हे दाखवून देतं. आधी बंद करून उघडा म्हणालं, मग काढून पुन्हा टाका म्हणालं, मग परत बंद करून उघडा. दुपारपर्यंत मी रडकुंडीला आले. शेवटी इंटरनेटवर कंपनीचं नाव टाकून हेल्पलाइन शोधली आणि पहिला जो नंबर आला तो लावला. तो कंपनीचा नव्हता, पण ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं. एका पुरुषानं फोन उचलला. मी हिंदीत सुरुवात केली. त्यानं नाव विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाला, "ताई, मराठी ना तुम्ही? मग आपल्या माणसाशी हिंदी कशाला?"

हे वाक्य तुमचं आहे, बाबा. पहिल्या नोकरीसाठी मला सोडायला तुम्ही इथे आला होतात. मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर मी एका बाईला हिंदीत पत्ता विचारला, तर ती आपल्या मुलाकडे वळून मराठीत काहीतरी बोलली. तुम्ही भर गर्दीत माझ्यावर डाफरलात, "आपल्या माणसाशी हिंदी कशाला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई हसल्या. "असू दे की अण्णा, स्वल्प दिवसांनी कळेल तिला," म्हणाल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, निम्मं बोलणं कानडी, पण तासाभरानं आपण त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होतो. मिरज स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीतही तुमचं हेच चालायचं. शाळा सुटल्यावर मी तुमच्या मागे स्टुलावर बसून बघायचे: कुणी कानडीत विचारलं की तुम्ही कानडीत सांगता, कुणी हिंदीत विचारलं की हिंदीत, आणि खिडकीपलीकडचं घाबरंघुबरं माणूस एकदम सैलावतं. त्या दिवशी फोनवर मीही तशीच सैलावले.

त्यानं एक छोटं ॲप टाकायला लावलं, स्क्रीनवर आलेले आकडे वाचून दाखवायला सांगितले, आणि मी हात न लावता माउसचा बाण चालायला लागला. खरं सांगते, ते बघून मला बरं वाटलं. आपलं काम कुणीतरी हातात घेतलंय असं वाटलं. त्याला काम येत होतं. फाईल खरोखर उघडली. मग बाण फिरत फिरत शाळेच्या फोल्डरवर गेला. त्यात प्रत्येक मुलाचा फोटो, नाव, पत्ता, आई-वडिलांचा फोन, बस कुठे थांबते ते, सगळं आहे. "गोड मुलं आहेत हो, ताई. कुठल्या शाळेची?" मी सांगितलं. "आता स्क्रीन थोडा वेळ काळी होईल, तुम्ही हात लावू नका. सगळं साफ करून देतो." मी म्हटलं, "करा सावकाश, मी चहा टाकते. समोर असतात तर तुम्हालाही दिला असता." तो म्हणाला, "पुढच्या वेळी." मी आत गेले, आलं किसलं, दूध उतू जाऊ नये म्हणून तिथेच उभी राहिले. बाहेरच्या खोलीत तेवढा वेळ कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात होता.

तुमच्या फोनवरच्या माणसानं काम केलं, असं मी चॅटवर कळवलं होतं. संध्याकाळी कंपनीचं खरं उत्तर आलं. आम्ही फोनवरून मदत देत नाही, आमच्या नावानं कुणी बोललं तर फोन बंद करा. मी ते उभ्यानंच वाचलं. इंटरनेटची वायर उपटून काढली. मोबाइलवरून त्यांना लिहिलं, मुलांची माहिती कॉपी झाली का तेवढं फक्त सांगा. या वेळी पलीकडे माणूस असावा, कारण उत्तराला वेळ लागला. ते आम्हाला कळू शकत नाही, असं उत्तर आलं. खाली पाच तारे आले, आमची सेवा कशी वाटली म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "ताई, नीट चाललंय ना सगळं?" आवाज तसाच, घरच्यासारखा. मी फोन कानाला तसाच धरून दाराची कडी लावली. "घाबरलात की काय?" तो म्हणाला. "शाळा कधी सुरू होतेय मुलांची?" मी फोन ठेवून दिला. तो धमकावत होता की सहज विचारत होता, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यानं पैसे मागितले असते तर परवडलं असतं, त्याला काय हवंय ते तरी कळलं असतं.

मी तशीच बस पकडून शाळेत गेले. वाटभर थाप रचत होते, कॉम्प्युटर चोरीला गेला म्हणावं. पण मुख्याध्यापिकेच्या टेबलासमोर बसल्यावर ती थाप जिभेवर येईना. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी करत सगळं सांगितलं. बाईंनी वर्गांच्या याद्या पुढ्यात ओढल्या. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. आधी पालकांना कळवू. तुमच्या कामाचं नंतर बघू." काम गेलं, ते जाणारच होतं. पालकांना निरोप गेले, मुलांना बसपाशी घरचंच माणूस घ्यायला येईल असं ठरलं, सायबर पोलिसांत तक्रार झाली. शाळा सुरू झाली. अजून कुठल्या पालकाला फोन आल्याचं ऐकलेलं नाही, पण अजून नाही म्हणजे कधीच नाही असं थोडंच आहे. आमच्या इमारतीतली एक मुलगी त्याच शाळेत जाते. दुपारी तिची बस आली की मी गॅलरीत जाऊन उभी राहते, ती आईचा हात धरून फाटकाच्या आत येईपर्यंत. हे माझ्यामुळे झालं ते तिच्या आईला कळलं आहे. ती वर बघत नाही.

तुमचा राग येतो, बाबा, आणि तो राग अन्यायाचा आहे हेही कळतं. बसस्टँडवरच्या त्या बाईंनी आपल्याला जेवू घातलं, तेही खरंच होतं. पण आता भाजीच्या दुकानात कुणी मराठीत बोलताना ऐकू आलं की मी पिशवी उचलून दुसऱ्या दुकानात जाते.

हा कागद इथेच कपाटात राहणार आहे, म्हणून आणखी एक सांगते. पोलिसांनी विचारलं, एवढा वेळ त्याच्याशी काय बोलत होतात? मी म्हटलं, सॉफ्टवेअरबद्दल. ते खरं नाही. चहा होईपर्यंत फोन ओट्यावर होता, स्पीकर चालू करून. त्यानं विचारलं, "वडील काय करायचे, ताई?" आणि मी सांगत सुटले. तुमची खिडकी, तुमचा खोकला, शेवटी दवाखान्यात शेजारच्या पेशंटला तुम्ही गाड्यांच्या वेळा सांगत होतात ते, मी पोचायच्या आत तुम्ही गेलात ते. मी थांबले की तो आणखी काहीतरी विचारायचा. तो वेळ काढत होता, हे आता कळतं. पण इतक्या वर्षांत या शहरात तुमच्याबद्दल मला दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही. पोलिसांनी तो नंबर ब्लॉक करायला सांगितला आहे. मी हो म्हटलं, पण अजून केलेला नाही.