फळीवर नसलेलं विमान

१७ फेब्रुवारी, सोमवार

मास्तर अजून तयार नाहीत. वीस वर्षं शाळेत गणित शिकवून हा गृहस्थ विमानतळाच्या टॉवरमध्ये आला, माझ्या हाताखाली शिकतो आहे. शुक्रवारी त्यांच्या कागदावर माझी सही झाली, तर रात्रपाळी एकट्याने करतील. नाही झाली, तर गेले घरी — ही तिसरी आणि शेवटची संधी. आकडेमोड चोख, आवाज शांत. पण सारखे खिडकीशी! आज विचारतात, "बाई, खोलीतला दिवा जरा मंद करू? बाहेरचं नीट दिसेल."

म्हटलं, "मास्तर, रात्री डोळे फसवतात. टेकडीवरचा दिवा विमान वाटतो आणि विमान चांदणी. आपल्याकडे रडार नाही, फळी आहे. हवेतल्या प्रत्येक विमानाची एक चिठ्ठी. उतरलं की चिठ्ठी ट्रेमध्ये. चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणार असेल, तर चिठ्ठीवर निळा बाण, आणि चिठ्ठी फळीवरच. फळीवर नाही ते हवेत नाही!"

"आणि चिठ्ठी काढताना आपणच चुकलो तर?"

"तर आपण शाळेत शिकवावं."

हसले बिचारे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चार विमानं, चारही वेळेवर. मास्तर खिडकीशी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

झोप लागत नाहीये. भीतीने नव्हे — रागाने!

रात्री साडेनऊ. दातांची डॉक्टर — विमान शिकते आहे, रात्रीचा सराव चालू — उतरली. तिची चिठ्ठी ट्रेमध्ये टाकली. उत्तरेकडून टपालाचं छोटं विमान येत होतं, त्याला सरळ खाली बोलावलं. फळीवर तेवढं एकच.

"बाई, दिवे दोन आहेत."

"एक टेकडीचा."

"टेकडीचा दिवा सरकत नाही, बाई."

आणि न विचारता, माझ्यासमोरून हात घालून रेडिओचं बटण दाबलं! टपालवाल्याला डावीकडे वळून वर जायला सांगितलं. शिकाऊ माणसाने! तो वळला. तो जिथे असता तिथूनच डॉक्टरीणबाईंचं विमान गेलं. चाकं टेकवून पुन्हा उडाली होती बया, न सांगता!

उतरल्यावर जिना चढून वर आली, रडत. "मी विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात." असं सगळेच म्हणतात. रेकॉर्डिंगचं यंत्र महिनाभर दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे बोलायला मोकळी! रिपोर्ट लिहिला — परवाना रोखावा. मास्तरांच्या कागदावर — परवानगीशिवाय रेडिओ वापरला, अपात्र. दोन्ही शुक्रवारी साहेबांकडे.

घरी हे म्हणाले, "जीव वाचवणाऱ्याला नापास करणारी तूच पहिली!"

"नशिबाने वाचले. नियमाने नाही."

"नशीब खिडकीतून बघत होतं वाटतं?" म्हणाले आणि कूस बदलली.

झोपा!

२० फेब्रुवारी, गुरुवार

वाटलं होतं मास्तर येणारच नाहीत. आले. वेळेआधी पाच मिनिटं. पाळी संपताना नेहमीसारख्या ट्रेमधल्या चिठ्ठ्या मोजल्या, कालच्या आणि आजच्या. गठ्ठा बांधून माझ्यासमोर ठेवला. "बाई, तपासून घ्या." बस्स. ना गयावया, ना कुरकुर. माणूस ताठ आहे, मानलं. पण ताठपणाचे गुण कागदावर धरत नाहीत.

गठ्ठा उद्या बघेन. एकोणतीस वर्षांत माझा गठ्ठा चुकलेला नाही, एक रात्र थांबेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गठ्ठा सोडला. चिठ्ठ्या वेळेच्या क्रमाने लावतात. डॉक्टरीणबाईंची मध्ये हवी. ती सगळ्यात वर होती. तिच्यावर निळा बाण. निळी पेन्सिल टॉवरमध्ये एकच आहे — माझी.

डॉक्टरीणबाईंवरचा रिपोर्ट फाडला. दुसरा माझ्यावर लिहिला, चिठ्ठी त्याला टाचली, साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. मास्तरांच्या कागदावरचं 'अपात्र' खोडून सही केली.

आज रात्रपाळी त्यांची. निघताना खोलीतला दिवा मंद करून आले.