जन्माआधीचे फोटो काढून मिळतील

२ फेब्रुवारी

सोनोग्राफीचं मशीन आलं. जिल्ह्याच्या गावातला एक दवाखाना बंद पडला, त्यांचं. बदल्यात गाडी दिली. लिल्का म्हणाली, आता बाजाराला जाताना मशीनवर बसून जात जा. बायकोला दूरदृष्टी नसणं हा काही गुन्हा नाही.

मशीन सुरू होतं. पंखा घरघरतो, पण चित्र दिसतं. राजधानी सोफियातल्या कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलं. नाव चुकलंय, निन्कोचं मिन्को केलंय. लांबून कळत नाही.

५ फेब्रुवारी

हे सगळं का करतोय ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर गडबड नको.

आयुष्यभर फोटोचं दुकान चालवलं. आधी लग्नं होती, शाळेचे ग्रुप फोटो होते. मग लग्नं जर्मनीत व्हायला लागली आणि शाळेला कुलूप लागलं. आता फक्त मयताच्या जाहिराती उरल्यात. वर फोटो, खाली नाव, त्याखाली 'दुःखी कुटुंबीय', भोवती काळी चौकट. दारावर, बस स्टॉपवर आणि चौकातल्या पॉप्लरच्या झाडावर चिकटवायची. माणूस एकदाच मरतो, पण जाहिरात चाळिसाव्या दिवशी नवी, सहा महिन्यांनी नवी, वर्षाने नवी. काम भरपूर आहे. कंटाळा त्याहून भरपूर.

म्हणून ठरवलं की आता दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची. पोटातल्या बाळाचा फोटो, छान फ्रेममध्ये, आठवण म्हणून. सोफियात बायका रांगा लावतात. डॉक्टरी तपासणी नाही, तशी पाटी लावणार. नाव 'पहिली भेट'.

आणि मिग्लेना. पोरगी जर्मनीत म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला आहे, जावई आसेन ट्रकवर. फोटोचं काम तिला माझ्याइतकंच येतं. इथे धंदा उभा राहिला की ती परत येईल. तसं तिला अजून सांगितलेलं नाही, पण खुर्च्या दोन घेतल्यात.

१९ फेब्रुवारी

गावातल्या नर्सला विचारलं, यंदा आपल्याकडे दिवस गेलेल्या बायका किती. ती हसायला लागली आणि बराच वेळ थांबली नाही. आजूबाजूची गावं धरून विचारलं तर म्हणाली, निन्को, तू शवपेट्या बनव.

या भागाची अडचण हीच. लोक निराशावादी आहेत.

२७ फेब्रुवारी

रंगीत तालीम. परपुरुष पोटाला हात लावणार म्हटल्यावर बायका येणार नाहीत, म्हणून लिल्का पोटावर यंत्र फिरवणार आणि मी पडद्यामागे बसून स्क्रीन बघत सूचना देणार. पोट माझंच घेतलं. स्क्रीन उशाशी ओढून घेतला. डावीकडे म्हटलं की ती विचारते, कुणाच्या डावीकडे. जेल थंडगार.

चित्र मात्र उत्तम. पित्ताशयात खडा दिसला, गोल, चांगला बोराएवढा. लिल्का बघून म्हणाली, अभिनंदन, तुझ्यावरच गेलाय.

मशीनचा दर्जा सिद्ध झाला. खड्याचं पुढे बघू.

८ मार्च

महिला दिन. उद्घाटन. सरपंच कामेनने फीत कापली. काचेत बाबागाडी ठेवली होती, पांढरी, उसनी आणलेली. लिल्काने पुढच्या दाराने आत यायला साफ नकार दिला. म्हणे पोर जन्मायच्या आधी रिकामी गाडी ठेवत नाहीत, अपशकुन होतो. स्वतःच्याच स्टुडिओत कोंबड्यांच्या अंगणातून आली. युरोपियन युनियनमध्ये राहतो आपण.

गर्दी चांगली होती. वय सरासरी ऐंशी. चीज भरून भाजलेली बानित्सा आल्या आल्या संपली. वूना आजी म्हणाली, लेकरा, माझापण एक फोटो काढून ठेव, माझ्या जाहिरातीसाठी, अजून तोंड बरं दिसतंय तोवर. काढला. फार छान आला. गिऱ्हाईक म्हणून मोजायला हरकत नाही.

मिग्लेनाला फोन केला. म्हणाली, बाबा, दमू नका. आवाज झोपाळलेला होता.

१७ मार्च

कुणी नाही.

लोकांचा दोष आहे. सुनेला दिवस गेले तर चोरी केल्यासारखं लपवतात. नजर लागते म्हणे. उन्हातसुद्धा जाड कोट, खिशात लसूण, मनगटाला लाल दोरा, आणि विचारलं तर सांगतात, जेवण जास्त झालं. माझी नजर तयार आहे. रस्त्यापलीकडून चाल बघून मी सांगू शकतो. पण धंद्यात नुसतं कळून भागत नाही.

२२ मार्च

पहिली कस्टमर! सरपंचाची सून रादिना. मागच्या दाराने, कोंबड्यांमधून, डोक्यावर रुमाल ओढून. लिल्काने यंत्र सुरेख फिरवलं. मुलगा. नाक सरपंचाचं. रादिना स्क्रीनला हात लावून म्हणाली, शी, किती कुरूप माकड आहे, आणि रडली. इथे कौतुक असंच करतात. लिल्कानेही तीनदा थूः थूः केलं आणि म्हणाली, खरंच घाण आहे गं, देव राखो. दोघींचे डोळे भरलेले. पडद्यामागे मलापण कसंतरी झालं.

रादिनाने फोटो पोलक्यात ठेवला. कुणाला सांगू नका म्हणाली. मी म्हणालो, अगदी निश्चिंत राहा.

२४ मार्च

विचार केला. सांगू नका म्हणजे तोंडाने सांगू नका. जाहिरात वेगळी. शिवाय सरपंचाचा नातू, म्हणजे अख्ख्या गावाचा.

मोठ्या कागदावर छापला. वर फोटो, खाली 'लवकरच आपल्यात', त्याखाली 'सरपंच कामेन यांचा नातू', त्याखाली 'आनंदी कुटुंबीय'. छापायचा साचा एकच आहे. क्रॉस काढला, चौकट निघेना. तशी ती ठसठशीत दिसते, राहू दिली. दार, बस स्टॉप, पॉप्लर. हात आपोआप तिकडेच जातात.

२५ मार्च

सकाळी बस स्टॉपवर लोक थांबून टोप्या काढत होते. वाटलं, प्रतिसाद चांगला आहे. मग पॉप्लरखाली कुणीतरी कार्नेशनची फुलं ठेवली. दोन. जोडीने फुलं फक्त मेलेल्याला देतात.

दुपारी सरपंचाची बायको साब्का आली. तिन्ही कागद फाडून मुठीत. माझ्या काचेवर बादलीभर मिठाचं पाणी ओतलं. म्हणाली, निन्को, तुझ्या हाताला मढ्यांची सवय झालीय, तो हात माझ्या नातवाला लावलास तर तोडून कोंबड्यांना घालीन. भाषा फार खालची. मी चौकटीची तांत्रिक अडचण समजावत होतो, ती ऐकून घेईना.

रादिनाला बाळंत होईपर्यंत माहेरी पाठवून दिलंय. तब्येत उत्तम आहे, मी चौकशी केली. म्हणजे नुकसान काय झालं?

संध्याकाळी लिल्का स्वयंपाकघराचं दार लावून मिग्लेनाशी फोनवर बोलत होती. मधेच हळू आवाजात म्हणाली, त्याला नको, अजिबात नको. मिग्लेना पलीकडे रडत असावी. बापाची बदनामी झाली की पोरीला लागतंच.

२० एप्रिल, ईस्टर

मिग्लेना आणि आसेन आले. जीव निवला. पोरगी जाड झालीय. जर्मन ब्रेड. आसेनचा तंबूएवढा शर्ट घालून फिरते, जर्मनीत फॅशन असेल. राकियाचा पेला घेतला नाही, म्हणे औषधावर दारू चालत नाही. लोणच्याच्या मिरच्यांची बरणी एकटीने संपवली. आसेन तिला साधी पिशवीसुद्धा उचलू देत नाही. बायकोचा इतका गुलाम मी पाहिला नाही.

जेवणानंतर स्टुडिओ दाखवला. ती दुसऱ्या खुर्चीवर बसली. खुर्ची तिला शोभली. म्हटलं, झोप जरा त्या पलंगावर, मशीन कसं चालतं ते दाखवतो. ती लालबुंद झाली. लिल्काच्या हातातून ट्रे पडला. आसेन म्हणाला, हिला गुदगुल्या होतात. माझ्या कामात कुणालाच रस नाही.

शेवटी सरळ विचारलं, परत ये ना पोरी, हे सगळं तुझंच आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी सांगणार होती. मग साब्काने मिठाचं पाणी ओतलेल्या काचेकडे बघितलं आणि म्हणाली, बघू, बाबा.

बघू म्हणजे हो. फक्त वेळ लागेल.

१४ जून

धनगर त्सेकोदादा आला. मेंढी घेऊन. म्हणाला, मेंढीला नजर लागत नाही, बघ कोकरं किती. मी म्हणालो, हा स्टुडिओ आहे. तो म्हणाला, मग तिला फ्रेमपण दे. दोन निघाली. तो इतका खूश झाला की मेंढीचा मुका घेतला.

तत्त्वाचा प्रश्न आहे. उद्या चौदा मेंढ्या आणणार आहे.

३ जुलै

मेंढ्या. पलंगाला वास राहिलाय. मिग्लेना यायच्या आत गादी बदलायची. हल्ली ती व्हिडिओ कॉल करत नाही, कॅमेरा बिघडलाय. सुट्टीलाही येणार नाही म्हणे.

१८ ऑगस्ट

लिल्काचे गुडघे दुखतात. डॉक्टरने गरम झऱ्यांवर उपचार सांगितलेत. बॅग भरली. गुडघ्यांसाठी लोकरीचे मोजे कशाला हवेत, आणि तेही इतके बारके, विचारलं. म्हणाली, बोटांना घालायचे. वैद्यकशास्त्र कुठल्या कुठे गेलंय.

जाताना दारात थांबली. म्हणाली, बीन्स करून ठेवलेत, गरम करून खा, आणि कृपा करून काही चिकटवू नकोस कुठे.

३० ऑगस्ट

लिल्काचा फोन. आवाज आनंदी, पण रडवेला. उपचार लागू पडतोय. मागे कुणीतरी जर्मनमध्ये बोलत होतं. झऱ्यांवर जर्मन पाहुणे फार येतात म्हणे. चांगली गोष्ट आहे, प्रदेशाचा विकास होतोय.

१६ सप्टेंबर

लिल्काचा उपचार वाढवला. फोनवर मागे तान्हं बाळ रडत होतं. शेजारच्या खोलीतल्या बाईची नात म्हणे. मी लगेच म्हणालो, त्या बाईला माझं कार्ड दे, पुढच्या नातवंडाच्या वेळी उपयोगी पडेल. लिल्का म्हणाली, अरे, नीट जेवतोस ना?

दुकान शांत. मेंढ्यांचा सीझन संपला. वूना आजी गेली. जाहिरात छापली, फोटो तयारच होता. चौकातल्या बायका म्हणाल्या, किती जिवंत दिसते.

घर मोठं वाटतं.

९ ऑक्टोबर

खानावळीत बसलो होतो. त्सेकोदादाने ग्लास उचलला आणि म्हणाला, तुझ्या नातीच्या नावानं, निन्को, चाळीस दिवस झाले ना आता. मी म्हणालो, मला नात नाही. त्सेको ग्लासात बघायला लागला. सरपंच कामेन हळूच म्हणाला, याला अजून सांगितलं नाही वाटतं. साब्काला माहीत होतं. नर्सला माहीत होतं. वूना आजी माहीत असताना मेली.

घरी येऊन फोन केला. लिल्काने लगेच उचलला. म्हणाली, आज रात्री सांगणारच होते, चाळीस दिवस पुरे व्हायची वाट बघत होते, तोवर तान्ह्याला नजर लागते. मुलगी. ऑगस्टच्या शेवटी. नाव नीना. तुझ्या नावावरून ठेवलंय, मिग्लेनाचा हट्ट होता.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, तू चौकात चिकटवली असतीस.

चिकटवली नसती. मोठी छापली असती कदाचित. फार वाईट वाटलं. ईस्टरला ती माझ्यासमोर त्या खुर्चीवर बसली होती, नात हाताच्या अंतरावर होती, आणि मी गुदगुल्यांवर विश्वास ठेवला.

मग मिग्लेना फोनवर आली. कॅमेरा चालू झाला. नीना झोपली होती. तोंड एवढंसं, लाल, सुरकुतलेलं. मी म्हणालो, शी, किती कुरूप आहे. मिग्लेना रडायला लागली आणि म्हणाली, हो ना बाबा.

१२ ऑक्टोबर

पुन्हा फोन. नातीला घेऊन कधी येताय विचारलं. लिल्का म्हणाली, अरे, कुठलं येणं, मिग्लेनाला वसंतात कामावर जायचंय, आसेन कायम ट्रकवर, पोरीला कोण बघणार? बालवाडीत जाईपर्यंत मी इथेच राहते. तुझे गरम कपडे वरच्या कपाटात आहेत.

बालवाडी तिसऱ्या वर्षी.

म्हणालो, मग मीही येतो. सोफ्यावर झोपेन, पोरीला फिरवीन, मला काय लागतं.

लिल्का अगदी मायेने म्हणाली, तू कसा येणार रे? तुझा स्टुडिओ आहे ना.

खरं आहे. तो असा टाकून जाता येणार नाही. गुरुवारी त्सेकोदादाचा मेहुणा शेळ्या घेऊन येतोय.